मॉडेलमधली काचेची भिंत

घराच्या संगणकीय मॉडेलमध्ये विटांची भिंत काढायला फारसे काही लागत नाही. जाडी आणि उंची ठरवली, दोन टोकांवर क्लिक केले, की भिंत उभी राहते. मोठ्या काचेच्या भिंतीचे तसे नाही. बहुतेक गृहरचना सॉफ्टवेअरच्या लेखी काच म्हणजे भिंतीतल्या खिडकीचा भाग, नाहीतर एखाद्या पृष्ठभागाला चढवलेले पारदर्शक मटेरियल. त्यामुळे फरशीपासून बीमपर्यंत आणि एका कॉलमपासून दुसऱ्या कॉलमपर्यंत काच हवी असेल, तर ती कशी काढायची हे काढणाऱ्यालाच ठरवावे लागते. ती सलग काढली तर घरमालकाला एक घर दिसते. चौकटी, सांधे आणि सरकती शटर धरून काढली तर दुसरेच.

यावर दोन भूमिका आहेत आणि दोन्ही कामातून आलेल्या आहेत. पहिली घराचे मॉडेल करणाऱ्या डिझायनरची, दुसरी प्रत्यक्ष काच बसवणाऱ्या ॲल्युमिनियम फॅब्रिकेटरची. पुढील संवादात दोघांसमोर एकच उदाहरण आहे : पुण्याजवळचा बंगला, त्याच्या दिवाणखान्याची पश्चिमेची बाजू, ६ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच ओपनिंग.

डिझायनर : काका, पहिल्या मॉडेलमध्ये मी एकच सलग काच टाकते. त्या टप्प्यावर घरच्यांना एवढंच ठरवायचं असतं, की या बाजूला भिंत हवी की उघडं हवं. तेव्हाच ट्रॅक, मलियनच्या पट्ट्या, रबर दाखवत बसलं, तर मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि चर्चा फ्रेमच्या रंगावर जाते.

फॅब्रिकेटर : पटतं मॅडम. पण लोकांच्या डोक्यात तेच पहिलं चित्र बसतं. नंतर आम्ही तिथे चार शटर लावली, की ते विचारतात, ‘मधे या पट्ट्या कुठून आल्या?’ चित्रात पट्ट्या नव्हत्याच ना.

डिझायनर : पट्ट्या किती आणि कुठे, हे तेव्हा मलाही माहीत नसतं. चुकीच्या जागी काढण्यापेक्षा न काढलेल्या बऱ्या.

फॅब्रिकेटर : नक्की जागा नका सांगू. पण एवढी काच सलग येत नाही, हे तरी चित्रात दिसू द्या. सहा मीटरच्या एका काचेचं वजन किती होतं, ते एकदा काढून बघा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. काचेची घनता दर घनमीटरला सुमारे २,५०० किलो. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो. १२ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला ३० किलो भरते. उदाहरणातले ओपनिंग १६.२ चौरस मीटरचे आहे, तेव्हा एकच काच लावली तर ती ४८६ किलोची होईल. दोन भाग केले तर प्रत्येकी २४३ किलो, चार केले तर १२० किलोच्या थोडे वर. फ्लोट काचेचा ‘जम्बो’ म्हणून ओळखला जाणारा आकार ६ × ३.२१ मीटरचा असतो. म्हणजे ही सलग काच कारखान्यातून निघणाऱ्या अख्ख्या जम्बो काचेच्या लांबीची झाली. तेवढी मोठी टफनिंगची भट्टी हवी, तेवढा ट्रक वळेल असा रस्ता हवा आणि क्रेन उभी करायला जागा हवी.

वाऱ्याचाही जोर धरावा लागतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब मिळतो : पुण्यात दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन, मुंबईत सुमारे १,१६०. इमारतीची उंची, उतार, आजूबाजूची घरे यांनुसार हा आकडा कमी-जास्त होतो. पण मूळ आकडा धरला तरी पुण्यातल्या या एका ओपनिंगवर दीड टन वजनाइतका जोर येतो. काचेची जाडी आणि मधल्या उभ्या पट्ट्यांची खोली यावरून ठरते, आणि ही खोली मॉडेलमध्ये कोणत्याही कोनातून दिसणारी गोष्ट आहे. समोरून पन्नास मिलिमीटरची वाटणारी पट्टी तिरकी पाहिली की शंभर मिलिमीटर खोल असते आणि बाहेरचा देखावा कापते.

सॉफ्टवेअर या कामात कितपत साथ देतात, हे पाहिले की दोन्ही भूमिकांमागची कारणे कळतात. मुक्तस्रोत ‘स्वीट होम ३डी’मध्ये भिंत अपारदर्शक असते, म्हणून काचेची भिंत हवी असणारे लोक यादीतली एखादी स्थिर खिडकी उचलतात, भिंतीवर ठेवतात आणि रुंदी-उंची वाढवून ती पूर्ण भिंतीएवढी ताणतात. भिंतीला भोक आपोआप पडते. पण खिडकीबरोबर तिची चौकटही ताणली जाते. मीटरभर रुंदीच्या खिडकीची पाच सेंटिमीटरची चौकट सहा मीटरला नेली, की बाजूच्या पट्ट्या तीस सेंटिमीटरच्या होतात. यावर उपाय म्हणजे दीड मीटरच्या चार खिडक्या शेजारी शेजारी लावणे. गंमत अशी की या मर्यादेमुळेच मॉडेल प्रत्यक्ष बांधकामाच्या जवळ जाते.

‘स्केचअप’मध्ये उलट स्थिती आहे. तिथे भिंतीवर आयत काढायचा, पुश-पुलने आरपार ढकलायचा, भोकात एक पृष्ठभाग काढून त्यावर पारदर्शक रंग टाकायचा. काम मिनिटभरात होते. कोणतेही बंधन नसते, म्हणून कोणताही प्रश्नही उभा राहत नाही. ‘रेव्हिट’मध्ये कर्टन वॉल हा भिंतीचाच स्वतंत्र प्रकार आहे : आधी रेषांची जाळी, जाळीच्या घरांत पॅनेल, आणि रेषांवर मलियन.

डिझायनर : रेव्हिटमध्ये तुम्हाला हवं तसं होतं काका. जाळीचं अंतर दीड मीटर दिलं की चार भाग पडतात. पण त्यात साधं दार बसत नाही. टॅब कळ दाबत दाबत एकच पॅनेल निवडायचं, त्याची पिन काढायची आणि त्या जागी कर्टन वॉलचं दार टाकायचं. जाळी हलवली की दाराची रुंदीही बदलते. पहिल्याच आठवड्यात हे सगळं करायचं आणि दोन दिवसांनी ‘इथे भिंतच ठेवू’ असं ऐकायचं, याला अर्थ नाही.

फॅब्रिकेटर : मग स्केचअपमध्येच करा, पण चार तुकडे वेगळे काढा. एक तुकडा काढून कॉम्पोनंट केला आणि चारदा ठेवला, की झालं. उद्या तीनच भाग करायचे ठरले तर एक पुसायचा आणि बाकीच्यांची रुंदी वाढवायची.

डिझायनर : हे मान्य. कोऱ्या काचेपेक्षा याला पाचच मिनिटं जास्त लागतात.

इथे दोघांचे जुळते, आणि तडजोड रास्त आहे : सुरुवातीच्या मॉडेलमध्ये विभागणी असावी, तपशील नसावा. मात्र या वादात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटू शकते, आणि काच घ्यावी की नाही याचा निकाल तीच लावते. ती म्हणजे ऊन.

फॅब्रिकेटर : या चित्रात ऊन कुठलं आहे मॅडम?

डिझायनर : सावल्या चालू केल्या आहेत. संध्याकाळचं ऊन आहे, लांब सावल्या आत येतात, छान दिसतं.

फॅब्रिकेटर : छान दिसतं खरं. पण पुण्याचं आहे का?

हा प्रश्न वाटतो त्याहून नेमका आहे. स्केचअप २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरी तयार झाले, आणि फाइलला स्थळ दिले नाही तर सावल्या त्या शहराच्या हिशेबाने पडतात. बोल्डरचे अक्षांश ४० उत्तर, पुण्याचे साडेअठरा. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य बोल्डरमध्ये क्षितिजापासून सुमारे २७ अंशांवर असतो, पुण्यात ४८ अंशांवर. २१ जूनचा फरक दिशेचाही आहे. बोल्डरमध्ये तेव्हाही दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो. पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तो माथ्याच्या उत्तरेकडून जातो. म्हणजे स्थळ न दिलेल्या मॉडेलमध्ये जूनच्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन दिसेल, जे पुण्यात पडतच नाही. आणि उत्तरेच्या भिंतीवर पडणारे ऊन मॉडेलमध्ये दिसणारच नाही. काचेची दिशा ठरवायला असे मॉडेल वापरले तर पुढचा सगळा विचार चुकीच्या पायावर उभा राहतो. स्वीट होम ३डीमध्ये होकायंत्राच्या खिडकीत अक्षांश-रेखांश आणि उत्तर दिशा भरावी लागते. हे मॉडेलमधले सर्वांत पहिले काम असायला हवे, काचेच्याही आधीचे.

स्थळ दिल्यावर छज्ज्याचा हिशेब मॉडेलमध्येच दिसतो. पुण्यात दक्षिणेच्या २.७ मीटर उंच काचेवर ९० सेंटिमीटर छज्जा दिला, तर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी पूर्ण काच सावलीत राहते. डिसेंबरात सावली वरच्या मीटरभरच उतरते, पण तेव्हाचे ऊन घरात हवेसेच असते. पश्चिमेला तोच छज्जा निरुपयोगी ठरतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास सूर्य सुमारे ३० अंशांवर आणि जवळजवळ समोर असतो. तेव्हा ९० सेंटिमीटर छज्ज्याची सावली काचेच्या वरच्या अर्ध्या मीटरवर पडते आणि खालची जवळपास सव्वादोन मीटर काच तापत राहते. संपूर्ण काच झाकायला छज्जा साडेचार मीटरहून खोल लागेल, आणि त्यानंतर सूर्य आणखी खाली जाणारच असतो.

उष्णतेचा आकडा मांडला की प्रश्न आणखी स्पष्ट होतो. अशा वेळी उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते असे धरले, तर साध्या ६ मिलिमीटर काचेतून त्यातले सुमारे ८० टक्के आत येते. १६.२ चौरस मीटर काचेतून येणारी उष्णता जवळपास आठ किलोवॅट झाली. एक टनाचे एअर कंडिशनर साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे दोन टनांहून अधिक क्षमता या एका भिंतीलाच लागेल. उष्णतारोधक थराची दुहेरी काच घेतली, तर हा भार एक-तृतीयांशाच्या आसपास आणता येतो. ‘इको-निवास संहिता २०१८’ने थंड प्रदेश वगळता देशभरातल्या निवासी इमारतींच्या बाह्यकवचातून येणाऱ्या उष्णतेला सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे. पश्चिमेची कोरी काच ही सरासरी किती वर नेते हे वेगळे सांगायला नको.

डिझायनर : पण देखावा पश्चिमेलाच आहे काका. डोंगर तिकडे, मावळता सूर्य तिकडे. तिकडे भिंत घालून पूर्वेला कंपाउंडकडे बघत बसायचं का?

फॅब्रिकेटर : काच नको असं मी कुठे म्हणतो? ती बाहेरच्या कडेला आणू नका. आत घ्या, पुढे ओसरी ठेवा. पावसाचा मारही तिकडूनच असतो.

डिझायनर : ओसरी ठेवली की खोली लहान होते.

फॅब्रिकेटर : मॉडेलमध्ये लहान दिसते. पडदा ओढून बसायला लागलं, तर त्या मोठ्या खोलीचा उपयोग काय?

या मुद्द्यावर महाराष्ट्रात एक मोठे उदाहरण उभे आहे. मुंबईत कंबाला हिलवरची वास्तुकार चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेकडून मिळतो. नेमके तिकडूनच दुपारनंतरचे ऊन आणि पावसाळ्याचा मारा येतो. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा हे उत्तर शोधले होते. कोरियांनी तेच उत्तर अठ्ठावीस मजल्यांवर नेले : कोपऱ्यांतून कोरून काढलेल्या दुमजली उंचीच्या गच्च्या, आणि राहत्या खोल्या त्यांच्या आत. याच्या उलट टोकाला वास्तुकार मीस व्हॅन डेर रोहे यांचे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले फार्न्सवर्थ हाउस (१९५१) आहे. चारही बाजूंना फरशीपासून छतापर्यंत एकेरी काच, उघडणाऱ्या खिडक्या फक्त दोन लहान. विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर घरांत त्याची गणना होते, आणि उन्हाळ्यात ते तापते व थंडीत काचांवर पाणी धरते ही राहणाऱ्या डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ यांची तक्रारही तितकीच खरी होती. काचेच्या घराचे आजचे बहुतेक रेंडर याच घराच्या वंशातले आहेत. पश्चिम महाराष्ट्रात बांधायचे घर कांचनजंगाच्या जास्त जवळचे असायला हवे, आणि म्हणून ओसरी पहिल्या मॉडेलपासूनच काढावी. नंतर तिच्यासाठी जागा सापडत नाही.

विभागणी आणि दिशा ठरल्यावर तपशील येतो, आणि इथे फॅब्रिकेटरच्या म्हणण्याला वजन द्यावे लागते.

फॅब्रिकेटर : वर बीमला काच टेकलेली दाखवता, ते चालत नाही. बीम पुढे खाली बसतो. काच वाकत नाही मॅडम, फुटते.

डिझायनर : किती जागा सोडू?

फॅब्रिकेटर : ते आरसीसीवाल्यांकडून घ्या. पण मॉडेलमध्ये वरची चौकट खोल घ्या आणि काच तिच्यात पूर्ण वर भिडवू नका. आणि खाली ट्रॅक फरशीत गाडून लेव्हलला दाखवलाय. पश्चिमेला, पावसात, ते पाणी कुठे जाणार?

बीमच्या बाबतीत आयएस ४५६ : २००० ची मर्यादा कामाला येते. पार्टिशन आणि फिनिशिंग झाल्यानंतरचे वाकणे गाळ्याच्या १/३५० किंवा २० मिलिमीटर, यांतले जे कमी असेल त्याच्या आत राहावे असे ते सांगते. ६ मीटर गाळ्याला हा आकडा १७ मिलिमीटर येतो. म्हणजे कागदावर निर्दोष असलेला बीमही काचेच्या डोक्यावर जवळपास पाऊण इंच उतरू शकतो. वरच्या चौकटीची खोली तेवढी हालचाल सामावून घेणारी हवी, आणि मॉडेलमध्ये ती चौकट फॉल्स सीलिंगमध्ये लपवायची असेल तर सीलिंगची उंची आधीच ठरवायला हवी.

खालच्या ट्रॅकबद्दल डिझायनरचा आग्रह समजण्यासारखा आहे. आतली फरशी आणि बाहेरची ओसरी एका पातळीत असली, की दोन्ही मिळून एकच जागा वाटते. लहान मुले आणि म्हातारी माणसे अडखळत नाहीत. ते शक्यही आहे, पण त्यासाठी ट्रॅकखाली निचऱ्याची चर, तिला उतार, बाहेर पाणी सोडणारी भोके आणि बाहेरच्या फरशीला घरापासून लांब जाणारा ढाळ, एवढे सगळे हवे. स्लॅब ओतण्याआधी त्या जागी खाच सोडलेली नसेल तर नंतर ती मिळत नाही. म्हणून या एका ठिकाणी मॉडेलचा उभा छेद पूर्ण तपशिलाने काढणे योग्य, बाकी घर अजून ढोबळ असले तरी.

सर्वांत शेवटी काचेचे मटेरियल. व्ही-रे सारख्या, प्रकाशाचा मार्ग मोजणाऱ्या रेंडररमध्ये काचेला खरी जाडी द्यावी लागते. एकच पृष्ठभाग ठेवून अपवर्तनांक १.५२ दिला, तर प्रकाश काचेत शिरतो पण बाहेर पडत नाही, आणि मागचे दृश्य विकृत दिसते. स्केचअपच्या स्वतःच्या सावल्यांचा नियम वेगळा आहे : सत्तर टक्क्यांहून कमी अपारदर्शक पृष्ठभाग सावली टाकतच नाही, त्याहून जास्त असेल तर भिंतीसारखी पूर्ण सावली टाकतो. त्यामुळे गडद छटेची काच काढून ‘आत ऊन कमी येते’ असे त्या चित्रावरून ठरवता येत नाही.

डिझायनर : रेंडरमध्ये काच दिसूच नये, अशी सगळ्यांची इच्छा असते.

फॅब्रिकेटर : प्रत्यक्षात ती दिसते. कडेला हिरवट दिसते, आणि रात्री तर आरसाच होतो.

दोन्ही निरीक्षणे मॉडेलमध्ये उतरवता येतात. साध्या काचेतल्या लोहामुळे कडा हिरवी दिसते. ती नको असेल तर कमी लोहाची काच घ्यावी लागते आणि ती महाग असते. समोरून पाहिले तर साधी काच सुमारे आठ टक्के प्रकाश परतवते, आणि नजर तिरकी होत गेली की हे प्रमाण झपाट्याने वाढते. दिवसा बाहेरच्या उजेडापुढे ते जाणवत नाही. रात्री आत दिवे आणि बाहेर काळोख असला की आतल्या माणसाला स्वतःची खोलीच काचेत दिसते, आणि बाहेरच्याला मात्र आतले सगळे. म्हणून दिवसाच्या रेंडरबरोबर रात्रीचा एक रेंडर, बैठकीच्या उंचीवरून, दाखवायलाच हवा. पडदे कुठे गोळा होणार आणि ओसरीत दिवा लागणार का, हे त्या चित्रावरून लगेच ठरते. फरशीपर्यंत येणारी काच टफन किंवा लॅमिनेटेड असावी आणि तिच्यावर नजरेच्या टप्प्यात काही खूण असावी, म्हणजे कोणी चालत जाऊन आदळणार नाही. ही खूणही मॉडेलमध्येच काढलेली बरी, नाहीतर घर तयार झाल्यावर तिथे स्टिकर येतात.

डिझायनर : आता मॉडेल पूर्ण झालं. यातलीच मापं धरून काच मागवायची का?

फॅब्रिकेटर : नाही. प्लास्टर आणि फरशी झाल्यावर मी ओपनिंग मोजतो. रुंदी खाली, मधे, वर, उंची दोन्ही टोकांना आणि मधे, दोन्ही कर्ण. त्यातलं सगळ्यात कमी माप धरायचं आणि सांध्याला दोन-तीन सूत सोडायचे.

डिझायनर : म्हणजे मॉडेलमधलं ओपनिंग मी तेव्हा बदलायचं, आणि काचांची यादी त्याच फाइलमधून काढायची.

काच टफन करताना ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केली जाते, आणि त्यानंतर ती कापता येत नाही. कापायला गेले तर तिचे बारीक दाणे होतात. म्हणून मॉडेलमधली विभागणी अशी काढावी की ओपनिंगचे माप बदलले तर चारही भाग आपोआप समान बदलतील. शेवटच्या यादीत प्रत्येक काचेचा क्रमांक, रुंदी, उंची, जाडी, प्रकार आणि आतली-बाहेरची बाजू असावी. हँडल, कुलूप आणि बिजागरीची भोकेही टफन होण्याआधीच पाडावी लागतात, तेव्हा त्यांची जागा काचेच्या कोणत्या कडेपासून किती मिलिमीटर, हे यादीबरोबरच्या चित्रात दाखवावे लागते.